शेटच्या गवताचं जाळं

आमच्या नवापूरला ओट्यावर जाळं सांधायला चार माणसं बसली, की हात एकीकडे चालतात आणि तोंड दुसरीकडे. जाळ्याची भोकं बुजतात, गोष्टी मात्र बुजत नाहीत. एक संपवावी तर तिच्या बाजूला दुसरी फाटलेली दिसते! पूर्वी या सगळ्या गोष्टी बोटीच्या आणि मासळीच्या असायच्या. कोणाची बोट वाळूत रुतली, कोणाच्या टोपलीतली कोळंबी मांजरीनं पळवली, असल्या. गेल्या उन्हाळ्यापासून मात्र आमच्या ओट्याला एकच विषय पुरून उरला. घोडा!

हो, घोडाच. दारासमोर समुद्र, अंगणात बोंबील वाळत घातलेले, आणि बोंबलांच्या काठीला बांधलेला घोडा. माझा मुलगा जयेश बोटीवरचं काम सोडून हे ध्यान घेऊन आला. शनिवार-रविवार किनाऱ्यावर पोराटोरांना फेऱ्या द्यायच्या आणि लग्नसराईत सालवड-बोईसरच्या वराती करायच्या, असा त्याचा बेत. घोडा म्हणायचा आपला, होतं बुटकं तट्टूच. विकणाऱ्यानं नाव सांगितलं, चेतक. मी त्याचं पोट बघितलं आणि म्हटलं, "पोरा, ह्या चेतकाला आधी उठून उभा राहायला शिकव!"

ओट्यावरची मंडळी कोण ते सांगते, म्हणजे पुढं घोळ नको. एक मी. एक माझी सून मनीषा. एक शेजारची हिराबाय, जिच्याबरोबर मी जन्मभर डोक्यावर टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात मासळी विकली. आणि एक दामूदादा. आमच्या किनाऱ्यावर दामूदादासारखं जाळं कोणी विणत नाही. असं दामूदादा सांगतो.

*

पहिली वरात सालवडला होती. मीही गेले. म्हटलं, आपला घोडा, बघावं तरी कसा मिरवतो.

मिरवला बरं का! अंगावर लाल झूल, कपाळाला गोंडे, वर नवरदेव, पुढं बँजो. मांडवाच्या दारात नवरीकडची मंडळी आरतीचं ताट घेऊन उभी. दाराला दोन्ही अंगांनी केळीचे खांब, वर आंब्याच्या पानांचं तोरण. घोडा बरोब्बर दारात थांबला. सगळे म्हणाले, वा, काय शिकवलाय!

आणि नवरदेव उतरायच्या आत त्यानं डावीकडची केळ खायला घेतली!

जयेश लगाम ओढतोय, नवरदेव मानेला मिठी मारून बसलाय, बँजोवाले थांबायचं विसरून वाजवतायत, आणि हा आपला चर्र चर्र पानं फाडतोय. डावीकडची उरकली, मान वळवून उजवीकडची धरली. मग मान वर केली आणि तोरण.

नवरीची आई ताट घेऊन तशीच उभी. म्हणाली, "अहो, जावयाच्या आधी घोड्याचीच पंगत बसली की!"

नवरदेवाचा मामा पुढं आला, हात जोडले आणि म्हणाला, "शेट, झालं असलं तर आम्ही आत जाऊ का?"

त्या दिवसापासून चेतक गेला आणि शेट उरला.

*

पावसाळ्यात वराती बंद, किनारा बंद. शेट नुसता उभा. आणि एके सकाळी बघते तर काय, पुढचे पाय लांब टाकून मागं रेलून उभा, एक पाऊल टाकीना. जयेशनं पालघरहून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना आणलं. तरुण पोर, गमबूट घालून चिखलातून आली. शेटच्या खुरांना हात लावला आणि विचारलं, "काय काय खातो हा?"

जयेश म्हणाला, "गवत. बास, गवत."

"फक्त गवत?"

सगळी ओटी जाळ्यात मान घालून बसली. मग मनीषा हळूच म्हणाली, "सकाळची भाकरी उरते ती देते मी."

हिराबाय म्हणाली, "मी भाकरी नाय देत. गुळाचा खडा देते, एखादा."

दामूदादा म्हणाला, "भाताची पेज. पण पातळ."

कुंपणापलीकडून वाडीवाले नाना ओरडले, "चिकू! पडके चिकू असतात, टोपलीभर टाकतो. जनावर खूष होतं!"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडं काय बघता? मी तर नुसता चहाच पाजते. बशीत."

डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "जयेशभाऊ, याला रोग झालेला नाही. याला शेजार झालाय!"

आम्ही हसलो. पण त्या हसल्या नाहीत. खुरांच्या आत सूज आहे म्हणाल्या. आत्ता औषधानं उतरेल, पण पुन्हा असे पाय भरले तर हा उठायचा नाही, मग मलाही काही करता येणार नाही. गोड बंद, भाकरी बंद, चहा बंद! सुकं गवत, तेही हळूहळू. एकदम ढीग टाकायचा नाही आणि उपाशीही ठेवायचा नाही, दिवसभर एकेक काडी पोटात गेली पाहिजे. त्यासाठी गवत जाळ्यात भरून टांगायचं. बारीक भोकांचं, मजबूत जाळं.

"जाळं!" दामूदादानं मांडीवर थाप मारली. "अवो बाय, नवापुरात येऊन जाळं मागता? तुमी फक्त बोला, कुठल्या मासळीचं पायजे?"

त्या गेल्यावर जयेश बराच वेळ वाळूत उभा होता. मग त्यानं विकणाऱ्याला फोन केला. घोडा पोसणं जमत नाही, दिवाळीनंतर परत घेऊन जा, म्हणून शब्द दिला. त्यानं फोटो मागितला तर सालवडच्या वरातीतला पाठवला. मला म्हणाला, "आये, माज्या दारात त्याचे पाय जाण्यापेक्षा तो दुसऱ्याच्या दारात उभा राहिलेला बरा."

मी म्हटलं, "दे की देऊन. माझं काय जातंय?" आणि आत स्वयंपाकाला गेले.

मनीषा मागून आली. "आये, रडता काय?"

"धूर गेला डोळ्यात."

"आये, आपल्याकडं गॅस हाय."

*

तेव्हापासून दिवाळीपर्यंतची मुदत आणि आमचा ओटा कामाला लागला. शेट बारीक झाला आणि पायावर नीट उभा राहिला, तर जयेशला फोन फिरवायला सांगायचं असं मी मनात ठरवलं. कोणाला बोलले नाही. पण सगळ्यांनी तेच ठरवलं होतं, हे मला मागाहून कळलं.

पहिलं जाळं माळ्यावरचं. आमच्या ह्यांच्या वेळचं डोलीचं जाळं पडून होतं. डोल म्हणजे लांब पिशवीसारखं जाळं, मासळी वाहत येऊन त्याच्या शेपटाकडं साठते. शेपटाची भोकं बारीक आणि दोरा जाड. मी म्हटलं, देवानं घोड्यासाठीच ठेवलंय! शेपूट कापलं, गवत ठासून भरलं, टांगलं.

शेट आला. वास घेतला. आणि जो काय तुटून पडला! एकेक काडी कसली, गवत राहिलं बाजूला, हा जाळंच चघळतोय! डोळे मिटून, मान डोलवत, लहान पोर चिंच चोखतं ना, तसा. आम्ही बघतोय, हा दोरा चोखतोय, मध्येच घासभर गवत ओढतोय, परत दोरा.

हिराबायनं पुढं होऊन जाळ्याला बोट लावलं आणि जिभेला लावलं. "अगो काशे! मीठ हाय ते! जन्मभर समुद्रात बुडालेलं जाळं तू न धुता टांगलंस. त्याला तू गवत नाय वाढलंस, लोणचं वाढलंस!"

दुपारपर्यंत जाळ्याला डोकं जाईल एवढं भगदाड पडलं. मग शेटला तहान लागली, बादल्यांवर बादल्या प्याला. आणि हे कमी म्हणून सुक्या मासळीच्या वासानं गावातली झाडून सारी मांजरं गवताखाली येऊन बसली. वर घोडा चघळतोय, खाली मांजरं वाट बघतायत.

वाडीवाले नाना कुंपणावरून म्हणाले, "बारीक होणार म्हणून सांगितलं होतं ना? हा तर खाणावळ उघडून बसला!"

*

मनीषा म्हणाली, जुनं नको, तयार विकत आणू. मोबाईलवर तिनं घोड्याच्या जाळ्याचे फोटो शोधून दाखवले. निळी, गुलाबी, त्यात दात दाखवणारे गोरे गोरे घोडे. पण पार्सल यायला वेळ लागणार होता. म्हणून मी आणि हिराबाय बोईसरला गेलो. बाजार आमच्या पायाखालचा, पण मासळीचा. जाळं विकत घ्यायला म्हणून जन्मात पहिल्यांदाच निघालो!

एका खेळाच्या सामानाच्या दुकानात जाळी टांगलेली दिसली. आत शिरलो. दुकानदार हिंदीवाला.

हिराबाय म्हणाली, "भाऊ, जाळी दिखाव. मजबूत."

"कौनसा, अम्मा? बॅडमिंटन, व्हॉलीबॉल?"

हिराबायनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "घोडे के वास्ते."

दुकानदारानं जाळी खाली ठेवली. "घोडा... क्या खेलेगा?"

"खेलेगा नाय, खायेगा!"

"जाली खायेगा?"

"एक खाया," हिराबाय म्हणाली, "दुसरा लेने आया."

बिचाऱ्यानं व्हॉलीबॉलचं जाळं दिलं, वर म्हणाला, ये नहीं टूटेगा, गॅरंटी. घरी आणून दामूदादानं ते दुमडून त्याची पिशवी केली. दुकानदार खरं बोलला. आजतागायत एक दोरा तुटलेला नाही! पण भोकं एवढी मोठी, की शेटनं थेट नाकाडच आत घातलं. आमचा चहा व्हायच्या आत जाळं रिकामं.

दामूदादा म्हणाला, "जाळा टिकला. गवत नाय टिकला."

मनीषानं मागवलेलं पार्सलही मागाहून आलं. सुती दोरी, गुलाबी रंग, हाताला कशी मऊ! शेटलाही मऊच लागली. दुसऱ्या दिवशी वाळूत गुलाबी धागे पडलेले, आणि शेटच्या दाढेत एक.

*

मग दामूदादानं सुई हातात घेतली. म्हणाला, "आता मी इणतो."

पण घोडं अडलं ते भोकावर. दामूदादाचं म्हणणं, भोक दोन बोटांचं. हिराबायचं म्हणणं, तीन. आता बोटं कोणाची? दामूदादाची एकेक बोटं म्हणजे बोटीचे खुंटे, हिराबायची शेवग्याच्या शेंगेसारखी. त्याची दोन तिच्या तीन बोटांहून मोठी! दोघं एकमेकांच्या नाकासमोर बोटं नाचवतायत. शेवटी जयेशनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि मोबाईल ओट्याच्या मधोमध ठेवला.

बाई म्हणाल्या, "काका, साधारण तीन ते चार सेंटीमीटर."

दामूदादा म्हणाला, "ता सेंटीमीटर आमाला नको. मासळीत सांगा."

"मासळीत?"

"म्हणजे असा बगा. मांदेली सरळ निसटून जाईल, पण जरा मोठा बोंबील तोंडाशी अडकंल, येवढा चालंल? का पापलेटाच्या पिल्लाचा खांदा अडकंल तेवढा घेव?"

दामूदादाला वाटलं ऐकू गेलं नाही. तो मोठ्यानं ओरडला, "पा-प-ले-टा-चा खांदा!"

बाई म्हणाल्या, "काका, ऐकू येतंय हो. मी शाकाहारी आहे!"

*

दामूदादा विणत होता तेव्हा एक गोष्ट बोलला, ती मला फार आवडली. हात चालता चालता म्हणाला, "काशे, जन्मभर मी जाळा इणला तो एकाच कामाला. आत आला तो भायेर जाता कामा नये. आता म्हातारपणी उलटा शिकतंय. भायेर सोडायचा, पण थोडा थोडा."

जाड वेणीदार नायलॉनचा दोरा, ट्रॉलरच्या जाळ्याला लावतात तो. कोरा करकरीत, समुद्र न पाहिलेला. तरी हिराबायनं तो विहिरीच्या पाण्यात बुडवून वाळवला आणि जिभेला लावून बघितला. गाठी बारीक, घट्ट, शेटच्या ओठाला टोचणार नाहीत अशा. जाळं झालं. दिसायला तर एकदम फर्स्ट क्लास.

"पण टिकंल का?" मी विचारलं. आधीच्या जाळ्यांचा हिशोब डोक्यात होता.

दामूदादाला राग आला. "टिकंल का म्हंजे? बस तू त्यात!"

मी कसली बसते! हिराबाय म्हणाली, "मी बसतंय." आता हिराबायचं अंग आमच्या आळीत सगळ्यात दणकट. ओटीच्या वाशाला जाळं टांगलं. ती देवाचं नाव घेऊन आत बसली, पाय वर घेतले, झोका घेतला. जाळं हललं नाही. "बघ!" दामूदादा ओरडला. हिराबायला मजा वाटली, तिनं आणखी एक झोका घेतला, आणखी एक...

कडाड!

धूळ खाली बसली तेव्हा हिराबाय जमिनीवर, मांडीवर वाशाचा तुकडा, डोक्यात दोन कौलं. लागलं काही नाही. आणि जाळं? जाळं तिच्याभोवती तसंच्या तसं, एक गाठ सरकलेली नाही!

जयेश धावत आला. "काय झाला?"

दामूदादा म्हणाला, "जाळा पास! घर नापास!"

*

एक दिवस मात्र हसायचा नव्हता. तोही सांगते.

नवीन जाळं घराच्या वाशाऐवजी आता अंगणातल्या खांबाला टांगलं होतं. भरलेलं असताना ठीक होतं. पण गवत संपत आलं की जाळं लोंबून खाली येतं, हे आमच्या ध्यानात आलं नाही. आमची जाळी कायम पाण्यात लोंबणारी, खाली लोंबलं म्हणून कोण घाबरणार? शेटला उरलेल्या चार काड्या हव्या होत्या. त्यानं पाय मारला आणि नाल ठोकलेलं खूर जाळ्यात अडकलं. त्यानं ओढलं, जाळं आवळलं. तो घाबरला, तीन पायांवर नाचायला लागला. आधीच दुखऱ्या पायांचं जनावर! पडला असता तर...

मी मासळी कापत बसले होते. हातातली सुरी घेऊन तशीच धावले. जयेशनं मान धरली, मनीषानं डोळ्यांवर पदर टाकला, मी खाली बसले. दामूदादा तेवढ्यात पोचला. एवढं खपून विणलेलं जाळं! मी त्याच्याकडं बघितलं.

"माज्याकडं काय बगतंस?" तो ओरडला. "काप!"

तेवढा दोरा कापायला माझे दात-ओठ एक झाले. केवढं मजबूत विणलं होतं मेल्यानं! पाय सुटला. शेट लटलट कापत उभा. मग त्यानं नाक माझ्या पदराला लावलं आणि फुरफुरला.

हिराबाय म्हणाली, "थांक्यू बोलतंय तुला."

मी बघितलं. थँक्यू कसलं! कमरेला खोचलेली पानाची चंची हुंगत होता.

दामूदादानं दुसरं विणायला घेतलं, आणि जयेशनं कप्पी लावली, बोटीवर असते तशी. जाळं रिकामं होत गेलं की दोर ओढून वर घ्यायचं, शेटच्या छातीच्या खाली येऊच द्यायचं नाही. शिडासारखं ते वर चढायचं आणि शेट मान वर करून बघायचा, जसं काय वाऱ्याची दिशाच पाहतोय!

*

हे दुसरं जाळं जमलं. शेट सकाळी एक काडी ओढायचा, चावायचा, परत एक काडी. पहिले दोन-चार दिवस असा रुसला की माझ्याकडं पाठ करून खायचा. मग सवय झाली. पोट उतरायला लागलं. बरगड्या दिसत नव्हत्या, पण आहेत हे कळायला लागलं.

तारापूरच्या कॉलनीतली एक मॅडम रोज किनाऱ्यावर भराभरा चालायला यायची. पायात बूट, हातात घड्याळ, तिची पावलं मोजणारं. एक दिवस थांबली. "आजी, घोडा बारीक झाला हो! काय केलंत?"

मी म्हटलं, "डाएट."

"घोड्याला डाएट?"

मी जाळं दाखवलं. एकेक काडीच येते, तासभर खाल्लं तरी मूठभर जातं, जीव रमतो आणि पोट वाढत नाही, सगळं समजावलं. तिनं चारी बाजूंनी जाळं निरखलं, ओढून बघितलं, भोकात बोट घालून बघितलं. मला वाटलं हिच्याकडं पण घोडा आहे की काय!

तिनं इकडं तिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आजी, याच्यात फरसाणाचा डबा मावेल? मिस्टरांसाठी हवं होतं."

दामूदादा लगेच म्हणाला, "साहेबांची बोटं किती जाड हायत, ता सांगा!"

*

दिवाळी झाली. फराळाचं ताट घेऊन शेटच्या आसपास कोणी फिरकायचं नाही असा मी हुकूम काढला होता. हिराबाय करंजी खायची तर पाठ वळवून. वाडीवाल्या नानांनी पडके चिकू आपल्या म्हशीकडं वळवले. डॉक्टरीणबाई आल्या, शेटला डांबरी रस्त्यावर चालवला, मग पळवला. टापा कशा टणटण वाजल्या! चारी खुरं दाबून बघितली. म्हणाल्या, "पाय चांगले आहेत. हलकी कामं करू दे, वरात चालेल. जाळं मात्र जन्मभर."

दामूदादा म्हणाला, "जन्मभर पुरंल असाच इणलाय!"

सगळे हसले. जयेश मात्र हसला नाही. विकणाऱ्याला दिलेला शब्द त्याला आठवला. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं बघितलं. "आये, मी त्याला फोन करतंय. पाया पडतंय त्याच्या," असं म्हणून त्यानं मोबाईल काढला, आणि दारात टेम्पोचा हॉर्न वाजला.

विकणारा स्वतः आला नव्हता. त्याचा ड्रायव्हर आला होता, नवीनच, हिंदी बोलणारा. खाली उतरला, मागचं फळकुट सोडलं, दोरी खांद्यावर टाकली. "जयेशभाई का घर? घोडा लेने आया."

जयेशच्या हातात मोबाईल तसाच. शेट खांबाशी उभा, जाळ्यातून काडी ओढतोय.

ड्रायव्हरनं मोबाईल काढला. त्यात सालवडच्या वरातीतला फोटो. लाल झूल, गोंडे, आणि झुलेखाली हंड्यासारखं पोट. त्यानं फोटोकडं बघितलं. शेटकडं बघितलं. पुन्हा फोटोकडं. शेटच्या भोवती एक चक्कर मारली.

"ये तो दुसरा है," तो म्हणाला. "वो मोटा वाला किधर है?"

जयेश काहीतरी बोलायला गेला, मनीषानं त्याचा शर्ट मागून धरला.

ड्रायव्हर माझ्याकडं वळला. "अम्मा, ये किसका है?"

मी म्हटलं, "ये हमारा है."

"और वो? मोटा?"

मी खाली बघितलं. शेजारी हिराबायचा जीव हसू दाबून घुसमटत होता. तिनं पदर तोंडावर घेतला, आणि तिचे खांदे गदगदा हलायला लागले.

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. खांद्यावरची दोरी त्यानं हळूच खाली घेतली. हिराबायजवळ जाऊन म्हणाला, "रो मत, अम्मा. जानवर था, अपना टाइम लेके आया था." हिराबाय आणखीच गदगदली. "बहुत खाता था क्या?"

दामूदादानं, देव त्याचं भलं करो, मान हलवली आणि बोट वर केलं. वर कप्पीला जाळं टांगलेलं होतं. ड्रायव्हरनं त्या बोटाकडं, मग आभाळाकडं बघितलं आणि हात जोडले.

मनीषानं त्याला चहा दिला. तो उभ्या उभ्या प्यायला. टेम्पोचं फळकुट लावलं, आत चढला, सुरू केला. आणि पुन्हा बंद करून खाली उतरला. हातात बिस्किटांचा पुडा.

"ये भी बेचारा दुबलाही है," असं म्हणत तो शेटपाशी गेला, पुडा फोडला आणि दोन बिस्किटं हातावर घेऊन पुढं केली. शेटनं मान लांब केली.

"नाय!"

मी, जयेश, मनीषा, हिराबाय, दामूदादा, कुंपणापलीकडचे नाना, सगळे एकदम ओरडलो. ड्रायव्हर एवढा दचकला की दोन पावलं मागं सरला. आमच्याकडं एकेक करून बघितलं. बिस्किटं खिशात घातली, टेम्पोत बसला आणि मालकाला फोन लावला. खिडकी उघडी होती, आम्हाला स्पष्ट ऐकू आलं.

"भाई, मोटा वाला तो गया. और सुनो, इन लोगों को दुसरा घोडा कभी मत देना. भूखा रखते हैं!"